सोलापूर ते मुंबई किती तासांत? एका रूळवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आला: "मी जुळे सोलापूरचा, नोकरीला पुण्यात. बुलेट ट्रेन सोलापूरवरून जाणार म्हणतात, ती खरंच येईल का? वंदे भारत आली तरी मुंबईला साडेसहा तास का लागतात? आणि हायपरलूप, मॅग्लेव्ह आल्यावर हे सगळं जुनंच होणार ना? वडिलांना शहराबाहेर एक प्लॉट दाखवलाय, 'बुलेट ट्रेन स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून. घ्यावा का?"

प्लॉटचं शेवटी बोलू. आधीचे तीन प्रश्न सुटले की त्याचं उत्तर अर्धं तुमचं तुम्हालाच मिळेल.

मी रेल्वेत पर्मनंट वेला होतो. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि ते सांभाळणाऱ्या गँगा. नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर विभागात गेली, त्यातली बरीच कुर्डुवाडी ते सोलापूर ट्रॉलीवर बसून. गाडी मी कधी चालवली नाही, पण अमुक किलोमीटरला तीसच्या वर जायचं नाही असा कॉशन लावून लोको पायलटच्या शिव्या मात्र भरपूर खाल्ल्या. त्यामुळे माझं उत्तर जरा रुळाच्या बाजूनं झुकलेलं असेल, हे धरून चाला.

वंदे भारतपासून सुरुवात करतो. १० फेब्रुवारी २०२३ ला ती सुरू झाली. मुंबई-सोलापूर ४५५ किलोमीटर, वेळ साडेसहा तास, म्हणजे सरासरी ७० चा वेग. हीच गाडी ताशी १८० साठी बांधलेली आहे. मग पाणी मुरतं कुठं? सुरुवातीचं वेळापत्रक दोन तुकड्यांत मांडा. सोलापूर ते पुणे २६४ किलोमीटर, साधारण तीन तास, सरासरी ८८. पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर, तीन तासांच्या वर, सरासरी ६०. गाडी तीच, डबे तेच, मोटरी त्याच. वाट बदलली.

लोणावळा-कर्जत हा २८ किलोमीटरचा घाट १८६३ साली गाड्यांना खुला झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं सरकलं की एक मीटर वर. बाकीच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. वंदे भारतला लागत नाहीत, कारण तिची ताकद एका इंजिनात कोंबलेली नसून निम्म्या चाकांखाली वाटलेली आहे. ती बँकरशिवाय वर चढते हे खरंच कौतुकाचं. पण चढता येणं वेगळं आणि पळता येणं वेगळं. उतरताना तर सगळ्यांनाच ब्रेकवर हात ठेवून यावं लागतं. घाट संपला की कल्याणपासून लोकलची गर्दी. तिथं कुठलीही गाडी आणा, समोरची कसारा लोकल हलल्याशिवाय ती हलत नाही.

आता वळणाचं सांगतो, कारण वेगाचं सगळं गणित तिथं आहे आणि पेपरात त्यावर कुणी लिहीत नाही.

वळण मोजायला आम्ही वीस मीटरची नायलॉनची दोरी वापरायचो. गँगमधले दोन खलाशी (मदतनीस) दोन टोकांना बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोरी ताणून धरायचे. तिसरा मधोमध बसून दोरी आणि रूळ यांतली फट पट्टीनं मोजायचा आणि ओरडून मिलिमीटर सांगायचा. या फटीला वर्साइन म्हणतात. दहा मीटर पुढं, पुन्हा दोरी, पुन्हा आकडा. अख्खं वळण असं वहीत उतरायचं. ४ अंशाच्या वळणाची त्रिज्या ४३७ मीटर. तिथं फट येते ११४ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. एवढं वळण उघड्या डोळ्यांना लांबून दिसतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ३२० च्या वेगासाठी वळणाची त्रिज्या ६००० मीटर धरली आहे. तिथं आमची तीच दोरी ताणली तर फट किती येईल? आठ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढी. आमचा जुना मुकादम ते बघून म्हणाला असता, "सायेब, ह्ये वळण न्हाई, सरळच हाय की."

म्हणजे वेग दुप्पट हवा तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. दीडशे वर्षांपूर्वी नदी, टेकडी, गाव चुकवत आखलेल्या वाटेवर ती कुठून आणणार? वळणावर बाहेरचा रूळ वर उचलून थोडं साधतं, पण त्यालाही हद्द आहे. आपल्या रुळावर वंदे भारतच्या मागं सिमेंटची मालगाडीही येते. पळणाऱ्या गाडीच्या हिशेबानं बाहेरचा रूळ उचलला, तर रांगत जाणारी मालगाडी आतल्या रुळावर सगळा भार टाकून तो खाऊन टाकते. दोघींना सोसेल असा मधला आकडा धरावा लागतो, आणि असा आकडा दोघींनाही पुरत नाही.

म्हणूनच जपाननं १९६४ साली टोकियो-ओसाका मार्ग सुधारण्याच्या भानगडीत न पडता शेजारून नवाच टाकला. जुना अरुंद रूळ मालगाड्यांना आणि साध्या गाड्यांना राहिला. नव्यावर फक्त शिंकानसेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन. फाटक नाही, मालगाडी नाही, वेडंवाकडं वळण नाही. १ ऑक्टोबर १९६४ पासून आजवर गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी घसरून तिथं एकही प्रवासी दगावलेला नाही. गाडीचं नाक लांबुडकं आहे म्हणून हे जमलं असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर रात्री बारा ते सकाळी सहा तिथं गाडीच धावत नाही, हे जास्त महत्त्वाचं. ते सहा तास रूळवाल्यांचे. आम्ही दोन तासांच्या ब्लॉकसाठी, म्हणजे कामापुरत्या गाड्या थांबवायला, कंट्रोलला फोन करून करून कान लाल करून घ्यायचो, आणि मिळाला तर पंचेचाळीस मिनिटांचा.

तर बुलेट ट्रेन येईल का? मुंबई-हैदराबाद हा ७११ किलोमीटरचा मार्ग सुचवला गेला तेव्हा त्यात पुणे, अकलूज, पंढरपूर, सोलापूर, कलबुर्गी अशी नावं होती. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात सात वेगवान मार्ग जाहीर झाले, त्यांतही मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद आहेत. अंतराच्या दृष्टीनं हा मार्ग चांगला आहे. दोनशे ते आठशे किलोमीटर हा असल्या गाडीचा पट्टा: त्याच्या आत मोटार बरी, बाहेर विमान. पॅरिस-लिऑन, माद्रिद-बार्सिलोना, टोकियो-ओसाका, सगळे याच पट्ट्यातले.

पण जाहीर होणं आणि धावणं यांत किती अंतर असतं, ते शेजारीच बघा. मुंबई-अहमदाबादची पायाभरणी सप्टेंबर २०१७ ची. ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. त्यातले ८१ टक्के जपाननं ०.१ टक्का व्याजानं, ५० वर्षांच्या मुदतीनं दिलेले. असं कर्ज पुन्हा कुणी देईल याची खात्री नाही. तरीही पहिला तुकडा, तो पण गुजरातमधला, २०२७ च्या ऑगस्टमध्ये सुरू करायचं ठरलंय. म्हणजे दहा वर्षं. आपल्या मार्गाला शिवाय सह्याद्री फोडून वर यायचंय. माझा अंदाज विचाराल तर मंजुरी मिळून पैसा हातात पडल्यावर बारा-पंधरा वर्षं धरा. तुमचं लग्न अजून व्हायचं असेल, तर तुमचं पोर दहावीला बसेल तेव्हा.

आणि आली तर सोलापूरला थांबेल का, हा आणखी वेगळा प्रश्न. थांब्याची किंमत लोकांच्या लक्षात येत नाही. ३२० च्या वेगातून नेहमीचा ब्रेक लावला तर गाडी उभी राहायला साडेपाच किलोमीटर लागतात. ११० ला हेच पाऊण किलोमीटरच्या आत होतं. सोलापूर स्टेशनावर थांबायचं तर ब्रेक बाळ्याच्या आसपासच लावायचा, आणि निघाल्यावर परत वेग घ्यायला याहून जास्त अंतर. मुंबई-अहमदाबादच्या आराखड्यात मोजक्या थांब्यांच्या गाडीला २ तास ७ मिनिटं आणि सगळीकडं थांबणाऱ्या गाडीला २ तास ५८ मिनिटं दिली आहेत. एका थांब्याला सहा-साडेसहा मिनिटं. उद्या प्रत्येक आमदार "आमच्याकडं थांबा द्या" म्हणून उपोषणाला बसला, तर बुलेट ट्रेनची पॅसेंजर व्हायला वेळ लागणार नाही. दिवसातून चार गाड्या सोलापूरला थांबतील आणि बाकीच्या धूळ उडवत जातील, अशी मनाची तयारी ठेवा.

हायपरलूपबद्दल. नळीतली हवा काढून टाकायची आणि आतून डबा हजारच्या वेगानं सोडायचा. कल्पना ऐकायला झकास आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. १६० वरून ३२० ला गेलं की अडथळा चौपट आणि तो ढकलायला लागणारी ताकद आठपट. तेव्हा हवाच काढून टाकू, हा विचार चुकीचा नाही. मुंबई-पुणे हायपरलूपचा गाजावाजा २०१८ मध्ये तुम्ही ऐकला असेल. ती कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद झाली.

मला मात्र पहिल्या दिवसापासून एकच शंका होती, आणि ती सोलापूरच्या उन्हातून आलेली. मे महिन्यातली दुपार. मोहोळच्या अलीकडं आमचा कीमन, म्हणजे रूळ तपासत चालणारा माणूस, उन्हाळी गस्तीवर होता. हवा ४३, रूळ त्याच्या वीस अंश वर. हात लावला तर सोलून निघेल. हल्ली रूळ किलोमीटरच्या किलोमीटर एकजीव जोडलेले असतात, पूर्वीसारख्या फटी नाहीत, 'खटाक् खटाक्' नाही. एक किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला तर त्याला अठ्ठेचाळीस सेंटीमीटर लांब व्हायचं असतं. आपण होऊ देत नाही. क्लिपा, स्लीपर आणि बाजूची खडी त्याला दाबून धरतात. त्या ठिकाणी एका कडेची खडी घसरून खाली गेली होती. कीमनला रूळ लांबून जरासा नागमोडी वाटला. त्यानं आडवं पडून रुळाच्या रेषेत डोळा लावला, उठला, लाल झेंडी रोवली आणि उलट पळत जाऊन रुळावर फटाके लावले, चाकाखाली वाजले की ड्रायव्हर थांबतो ते. मालगाडी थांबली. मी ट्रॉलीनं पोचलो तेव्हा स्लीपरांसकट रूळ दोन बोटं बाहेर सरकला होता. टँकरनं पाणी मारलं, पोरांनी पाट्यांनी खडी ओढली, आणि तासाभरानं गाडी चालत्या माणसाच्या वेगानं काढली. कीमनला नंतर बक्षीस म्हणून मिळालेली रक्कम सांगत नाही. मलाच लाज वाटते.

आता असंच ऊन शंभर किलोमीटर लांब पोलादी नळीवर पडलंय असं समजा. तिचं लांब होणं पन्नासेक मीटरच्या घरात जातं. ते कुठं जिरवायचं? सांधे ठेवले तर प्रत्येक सांध्यातून हवा आत शिरायला बघणार. सांधे नाही ठेवले तर खडीचं काम कोण करणार? शिवाय मूळ आराखड्यातला डबा २८ माणसांचा होता. शिंकानसेनच्या एका गाडीत तेराशेच्या वर सीटा असतात आणि गर्दीच्या वेळी ती दर तीन-चार मिनिटांनी सुटते. आपली गर्दी ध्यानात घ्या आणि तुम्हीच ठरवा. आयआयटी मद्रासच्या आवारात चारशे मीटरची चाचणी नळी उभी केली आहे. पोरं हुशार आहेत, प्रयोग व्हावेत. तिकीट काढायची घाई मात्र नको.

मॅग्लेव्हचं, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत जाणाऱ्या गाडीचं, तसं नाही. ते चालतं. शांघायमध्ये विमानतळाच्या ३० किलोमीटर वाटेवर वीस वर्षांहून जास्त काळ चाललंय, आणि जपानच्या चाचणी गाडीनं २०१५ मध्ये ६०३ चा आकडा गाठला. पण जपान टोकियो-नागोयाचा २८६ किलोमीटरचा मार्ग बांधतोय त्याचा बहुतेक भाग बोगद्यात आहे, २०२७ ची तारीखही हुकली, आणि ही वाट दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या कामाची नाही. बुलेट ट्रेनचा रूळ निदान रूळ तरी असतो. पैसेवाल्यांचा खेळ आहे, आपल्या हयातीत सोलापूरला नको.

विमानाबद्दल दोनच वाक्यं. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोवा आणि मग मुंबई सुरू झालं, ते चांगलंच झालं. त्या आधी विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून गावात किती रणं माजली ते तुम्हाला माहीत आहेच. पण शंभरही सीटा नसलेलं विमान आणि सुरुवातीलाच ११२८ आसनं घेऊन आलेली वंदे भारत यांची तुलना होत नाही. तातडीच्या माणसाला विमान, बाकी गावाला रेल्वे.

तुमच्या-माझ्या कामाचा वेग वाढेल तो दौंड ते सोलापूर या १८८ किलोमीटरांत. हा भाग सपाट आहे, वळणं बरीच मोकळी आहेत. दुहेरी रूळ झाला, वीज आली. पूर्वी एकेरी मार्गावर क्रॉसिंगला पारेवाडी नाहीतर जेऊरच्या लूपवर (बाजूच्या रुळावर) अर्धा-अर्धा तास गाडी उभी असायची, ते संपलं. दिल्ली-आग्रा मार्गावर गतिमान एक्सप्रेस २०१६ मध्ये जुन्याच रुळावर १६० नं धावायला लागली, म्हणजे आपल्याला अशक्य काही नाही. लागतं काय? दोन्ही बाजूंना कुंपण, म्हणजे म्हशी आणि माणसं रुळावर येणार नाहीत. फाटकं बंद करून भुयारी रस्ते, आणि ते पावसाळ्यात तळी न होणारे. गाडीला आपोआप ब्रेक लावणारी कवच यंत्रणा, कारण १६० ला बाहेरचा सिग्नल डोळ्यांनी वाचून ब्रेक मारण्यावर विसंबता येत नाही. आणि आम्हा रूळवाल्यांना रोज ठरलेला ब्लॉक. या पट्ट्यातली सरासरी ९५ वरून १३० वर गेली तर अर्धा तास वाचतो. बुलेट ट्रेनच्या खर्चाच्या तुलनेत हे किरकोळ पैशांत होतं. पण कुंपणाचं उद्घाटन करायला मंत्री येत नाही, तिथं सगळं अडतं.

दुसरी मागणी गाड्यांच्या संख्येची. तुम्ही पुण्याहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर घरी येता. तीन तासांची गाडी असेल पण ती तुम्हाला तीन तास थांबून धरावी लागत असेल, तर तुमच्यापुरता प्रवास सहा तासांचाच. हुतात्मा, इंद्रायणी, वंदे भारत यांच्या मधल्या मोकळ्या तासांत पुणे-सोलापूर आणखी दोन-तीन गाड्या टाकल्या, तर त्या ११० नं धावल्या तरी तुमचा वेळ ३२० वालीइतकाच वाचेल. पुणे-लोणावळा आणखी मार्गिका टाकल्याशिवाय मुंबईचा वेळ मात्र फार खाली येणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आता प्लॉट. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली तेव्हा घाट झालेला नव्हता. मुंबईचा माणूस खोपोलीपर्यंत गाडीनं यायचा, तिथून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत घाट चढून खंडाळ्याला पोचायचा आणि मग पुढची गाडी. दोन्हीकडं आगगाडी, मध्ये तट्टू. बुलेट ट्रेनचा रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद, मार्ग वेगळा, तेव्हा स्टेशनही बहुतेक गावाबाहेर. तुमच्या प्लॉटवाल्यानं एवढं बरोबर ओळखलंय. पण गावाच्या कुठल्या बाजूला, हे त्याला कळायचं काही कारण नाही. प्राथमिक आराखड्यातली रेघ आणि शेवटी पडणारा रूळ यांत कितीतरी किलोमीटरांचा फरक पडू शकतो. ६००० मीटर त्रिज्येचं वळण एका टोकाला जरा हललं की दुसऱ्या टोकाला गावंच्या गावं बदलतात.

एजंटाला विचारा, भूसंपादनाची अधिसूचना कुठल्या गटनंबरांची निघाली आहे, ती दाखव. तो मोबाईलवर रंगीत नकाशा दाखवेल. नकाशा नको, अधिसूचना म्हणा. मग वडिलांना घेऊन तलाठ्याकडं जा, सातबारा काढा, एनए झालंय का बघा, पाणी आणि रस्ता आहे का बघा. स्टेशन कधीच आलं नाही असं धरून तो भाव परवडत असेल तर घ्या. आणि नेमका रुळाच्याच रेघेत सापडला तर काय होईल, तेही त्यालाच विचारा. तोंड बघण्यासारखं होईल.